सवड काढणारी माणसं

सीएसएमटी ते बदलापूर हे अंतर 68 किलोमीटर आहे. जाऊन-येऊन तीनेक तास लोकलमध्ये जातात. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस हे वेगळं. सकाळी बसायला मिळावं म्हणून अंबरनाथची कितीतरी माणसं आधी उलटी बदलापूरला जातात आणि तिथून सुटणारी गाडी पकडून परत येतात. हा जादा वेळ कुणी हिशेबातही धरत नाही. रात्री डोंबिवलीला डबा थोडा मोकळा होतो, कल्याणला हात हलवायला जागा होते, आणि विठ्ठलवाडी येईपर्यंत निम्म्या मोबाइलवर काही ना काही चालू असतं. लेडीज डब्यातल्या त्या पडद्यांवर अलीकडे एक नवं शहर दिसू लागलं आहे. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, हिवाळ्यातले लांब कोट आणि ऑफिसच्या पायऱ्यांखाली कुणाची तरी वाट पाहत उभा असलेला उंच मुलगा. ही आधुनिक चिनी प्रेममालिका, आणि हे पुस्तक तिच्याबद्दल आहे.

कोरियन मालिका आवडतात हे आता कुणीही मोकळेपणानं सांगतं. चिनी मालिका पाहणारी मुलगी मात्र ते जरा दबक्या आवाजात सांगते. एक तर चीन म्हणजे सीमेवरचा वैरी, आणि दुसरं, प्रेमकथा म्हणजे रिकामपणाचा उद्योग ही जुनी समजूत. दोन्ही कारणं मला पटत नाहीत. या मालिकांत प्रेम मोजलं जातं ते वेळेनं. कोण कुणासाठी किती थांबलं, कोण काम अर्धवट टाकून आलं, तापात कोण उशाशी बसून राहिलं. आपल्या या पट्ट्यातल्या माणसांना कायमची टंचाई आहे ती नेमकी याचीच. नोकरी करणारं बदलापूरचं जोडपं एकमेकांना धड भेटतं ते रविवारी, आणि त्या दिवशीही आठवड्याची धुणी, बाजार आणि नातेवाइकांकडची कार्यं असतात. म्हणून या मालिका पाहण्याला मी पळवाट म्हणत नाही. आपल्याला काय मिळायला हवं होतं, याची ती रोज रात्री केलेली उजळणी आहे. पुढची सगळी प्रकरणं याच एका म्हणण्याभोवती फिरतात.

या मालिका इथवर आल्या कशा, ते थोडक्यात सांगते. 'अ लव्ह सो ब्यूटिफुल' ही 2017 ची शाळकरी प्रेमकथा आणि 2018 मध्ये चीननं नव्यानं केलेलं 'मिटिऑर गार्डन' नेटफ्लिक्सवरून आपल्याकडे पोचलं. पुढे गलवानची चकमक झाली आणि एकामागून एक बंदीच्या याद्या निघाल्या. 24 नोव्हेंबर 2020 च्या यादीत 43 ॲप होती; त्यांत चिनी मालिका दाखवणारं वीटीव्ही होतं आणि हुनान वाहिनीचं मँगोटीव्हीही होतं. ॲप गेली, मालिका राहिल्या. एमएक्स प्लेअरनं 'व्हीदेसी' या नावाखाली कोरियन, तुर्की आणि चिनी मालिका हिंदीत डब करून फुकट दाखवल्या, यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल्ससह भागच्या भाग मिळत राहिले, आणि नेटफ्लिक्सवर नवी भर पडत गेली.

डब केलेलं पाहायचं की सबटायटल्स वाचायची, हे आपल्याकडे हातातल्या कामावर ठरतं. लोकलमध्ये गोंगाट असतो, म्हणून तिथे आवाज बारीक ठेवून सबटायटल्स वाचली जातात. घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्या बाईचं तसं नाही. उल्हासनगर हे जीन्सचं गाव. शिवून झालेल्या पँटींचे लोंबते धागे कापायला बसलं, की डोळे कात्रीवरच ठेवावे लागतात. जरा नजर हलली तर कापड कापलं जातं. अशा वेळी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि कानानं मालिका पाहायची. नायक गप्प झाला, संगीत हळू झालं, की कात्री थांबते, मान वर होते, तेवढा प्रसंग डोळ्यांनी पाहून होतो आणि मान पुन्हा खाली जाते. तिथे हिंदीच लागते. 1949 मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं, तेव्हापासून सिंधी, मराठी आणि पुढे उत्तरेकडून आलेली माणसं एकमेकांशी हिंदीतच बोलत आली आहेत. शेजारच्या सिंधी मावशी आणि आपली आई एकाच मालिकेवर बोलू शकतात ते त्यामुळे.

यात एक गंमत वाटण्याजोगी गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. चीनमध्येही या नटनट्यांचे आवाज बऱ्याचदा त्यांचे स्वतःचे नसतात. चित्रीकरणाच्या जागी गोंगाट असतो, नट वेगवेगळ्या प्रांतांतून, कधी तैवान-हाँगकाँगहून आलेले असतात, आणि पडद्यावर प्रमाण चिनी बोली ऐकू यावी असा आग्रह असतो. म्हणून व्यावसायिक आवाज-कलाकार सगळे संवाद पुन्हा म्हणतात. हल्ली मूळ आवाज ठेवण्याकडे कल वाढला आहे, तरी ही पद्धत अजून रुळलेली आहे. तेव्हा हिंदी डबिंगमुळे मूळचं काहीतरी हरवलं असं हळहळणाऱ्यांनी निर्धास्त असावं. ओठ एकाचे आणि बोल दुसऱ्याचे, हे पेइचिंगच्या प्रेक्षकालाही सवयीचं आहे.

आणि पडद्यावरची हिंदी बोलणारी चिनी नायिका ही तर आपल्या मराठी माणसाचीच करणी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस थांबले. तिथे काम करणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी 1941 मध्ये त्यांचं लग्न झालं, मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असतानाच 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीस गेले. व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. स्वतः कोटणीस झाले आणि जयश्रीबाईंना चिनी मुलीची भूमिका दिली. आपल्या आजी-पणजीनं तो चित्रपट पाहिला, तेव्हा चिनी माणसाचं प्रेम तिला परकं वाटलं नव्हतं. मधल्या काळात 1962 आलं आणि चीन म्हणजे सैन्य, मग स्वस्त माल, मग नाक्यावरची चायनीज भेळ एवढंच आपल्या मनात उरलं. आजच्या मुली मोबाइलवर जे पाहतात त्यामुळे ती जुनी ओळख पुन्हा सुरू झाली, असं मी मानते.

मालिकेच्या बांधणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या प्रेक्षकाला पहिला धक्का तिथेच बसतो. चिनी मालिका संपते. 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांवर भाग ज्या घरात पाहिले गेले, त्या घराला 24 किंवा 32 भागांत गोष्ट पुरी होते हेच नवल वाटतं. यामागे निव्वळ कलेची जाण नाही, कायदाही आहे. चीनमध्ये मालिका दाखवायची तर ती आधी पूर्ण तयार करून सरकारी खात्याकडून परवाना घ्यावा लागतो. म्हणजे पहिला भाग लोकांपुढे येतो तेव्हा शेवटचाही चित्रित झालेला असतो. टीआरपी घसरला म्हणून नायिकेची स्मृती जात नाही, नट सोडून गेला म्हणून नायकाचा चेहरा बदलत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथल्या प्रसारण खात्यानं 40 भागांच्या आत राहण्याची सूचना काढली आणि 30 भागांना पसंती दर्शवली. आज आपण पाहतो त्या बऱ्याचशा मालिका त्यानंतरच्या आहेत. सेन्सॉरशिपचा जाच तिथल्या लेखकांना किती होतो, ते पुढे एका प्रकरणात येईलच. पण त्याच व्यवस्थेतून गोष्टीला शेवट मिळाला, हेही तितकंच खरं. आपल्याकडे 2012 च्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'ची आठवण लोक अजून हळवेपणानं काढतात. ती वेळेत संपली हेही त्या हळवेपणाचं एक कारण आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. 'हिडन लव्ह' (2023, 25 भाग) घ्या. सांग झी ही शाळकरी मुलगी, भावाच्या मित्रावर तिचं मन बसलेलं. शाळेतून पालकांना बोलावणं आलं, तर घरी कळू नये म्हणून ती त्यालाच मोठा भाऊ म्हणून शिक्षिकेपुढे उभा करते. पुढची बरीच वर्षं ती काही बोलत नाही. तिथे शाळेच्या वयातल्या प्रेमाला घर, शाळा आणि सरकार तिघांचाही विरोध असतो, आणि जूनमधली गाओखाओ ही प्रवेशपरीक्षा म्हणजे आपली बारावी, जेईई आणि नीट एकत्र केल्यासारखी. म्हणून या गोष्टींत मनातलं बोलणं परीक्षेच्या पलीकडे ढकललं जातं. तो मुलगाही स्वतःच्या ओझ्याखाली दबलेला आहे. वडिलांनी दारू पिऊन गाडी चालवताना एकाचा जीव घेतला, त्याची भरपाई तो वर्षानुवर्षं करतो आहे. एवढं सगळं असून मालिका आठवते ती बारीकसारीक गोष्टींसाठी: ती विद्यापीठात आजारी पडते तेव्हा तो काय घेऊन येतो, तिला सोडायला किती लांब चालत जातो.

या बारीकसारीक गोष्टींची एक ठरीव रीत आहे आणि ती कळली की मालिका वेगळी दिसू लागते. आजारी माणसासाठी तांदळाची पेज शिजवायची आणि चमच्यावर फुंकर घालून द्यायची. जेवताना कोळंबी सोलून दुसऱ्याच्या वाडग्यात ठेवायची, स्वतःचं जेवण गार झालं तरी चालेल. रस्त्यानं जाताना गाड्यांच्या बाजूला आपण चालायचं. काहीही दुखलं-खुपलं तरी आधी गरम पाणी प्यायला लावायचं. चिनी नायकाच्या या गरम पाण्यावर तिथल्या मुली थट्टाही करतात. आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटतं, कारण आपल्या घरातही प्रेम तोंडानं बोललं जात नाही. फरक इतकाच की आपल्याकडे ही कामं आई करते, आजी करते, बायको करते. तिथे पडद्यावर ती नवरा किंवा होणारा नवरा करतो. डब्यात उभ्यानं हे पाहणारी बाई घरी पोचल्यावर कुकर लावणार असते. पेज ढवळणारा पुरुष पाहून तिला काय वाटतं, ते तिला कुणी विचारलेलं नाही. हे पुस्तक लिहिण्यामागचं माझं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

सवडीच्या पोटात कामाचा प्रश्न येतो. चीनमध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस अशा नोकरीला 996 म्हणतात. 2019 मध्ये तिथल्या प्रोग्रॅमर मंडळींनी याविरुद्ध इंटरनेटवर आवाज उठवला, तेव्हा अलीबाबाचे जॅक मा यांनी असं काम करायला मिळणं हे भाग्य असल्याचं म्हटलं. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत बेकायदा ठरवली. मालिकांतली ऑफिसं चकचकीत असतात, पण रात्री अकराला दिवे चालू असतात. 'यू आर माय ग्लोरी' (2021) मध्ये नायक यू थू हा अवकाश-संशोधन संस्थेतला अभियंता आहे. कामावर जीव, पगार बेताचा, घरी आईचं आजारपण. संस्था सोडून बँकेत जावं का, या पेचात तो रजा घेऊन बसलेला असतो, आणि त्याच्यावर प्रेम करणारी नटी त्याच्या कित्येक पट कमावते. अंबरनाथकरांना हा पेच समजावून सांगावा लागत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांच्या आधारानं जी घरं उभी राहिली, त्यांत सरकारी कारखान्यातलं काम हा अभिमान होता आणि खासगीत गेलेल्या मित्राचा पगार हा मनातला सल होता. 2021 मध्येच देशातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या कंपन्या करण्यात आल्या. त्या वर्षी ही मालिका इथल्या एखाद्या घरात पाहिली गेली असेल, तर ती केवळ प्रेमकथा म्हणून पाहिली गेली नसणार.

मग घर. चीनमध्ये लग्न ठरवताना मुलाकडे स्वतःचा फ्लॅट आहे का, हा पहिला प्रश्न असतो. 2009 ची 'वोजू' ही मालिका घर घेण्याच्या धडपडीत दोन बहिणींची आयुष्यं कशी फरफटत गेली याची होती. ती खूप गाजली आणि तिच्यावर वादही खूप झाले. आपल्याकडे बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. ही वाढ मुंबई-ठाण्यात घर न परवडणाऱ्यांची आहे. फ्लॅट झाला, तरी वधूपक्ष विचारतोच, 'इतक्या लांब?' फ्लॅट असूनही पुरेसा नसलेला हा मुलगा चिनी मालिकेतल्या मुलाचा सख्खा भाऊ शोभावा. पेइचिंग-शांघायला बाहेरून आलेल्याला नोकरी मिळते, पण हुकोउ म्हणजे तिथला रहिवासी दाखला सहजी मिळत नाही, आणि त्याविना मुलांच्या शाळेपासून सगळं अडतं. भाड्याच्या घरात अनोळखी माणसांनी एकत्र राहणं हा तर या मालिकांचा आवडता मांडव. 'द फर्स्ट फ्रॉस्ट' (2025) मध्ये वृत्तवाहिनीत काम करणारी वन यीफान आणि तिचा शाळेपासूनचा ओळखीचा सांग यान एका फ्लॅटमध्ये राहायला येतात, तेही त्याच्या घराला आग लागली म्हणून. आपल्या 2015 च्या 'दिल दोस्ती दुनियादारी'तला मुंबईचा फ्लॅट ज्यांना आवडला होता, त्यांना इथे परकं वाटणार नाही.

लग्नाचं म्हणाल तर ते पाहून मराठी प्रेक्षक चक्रावतो. हळद नाही, मुहूर्त नाही, आठवडाभर चालणारा विवाह सोहळा विशेष तर नाहीच. दोघं सरकारी कचेरीत जातात, लाल पडद्यापुढे फोटो काढतात आणि दोन लाल पुस्तिका घेऊन बाहेर येतात. पूर्वी त्याची फी नऊ युआन होती, 2017 पासून तीही नाही. मात्र मे 2025 पर्यंत नोंदणीला घरची हुकोउ-पुस्तिका लागायची आणि ती बहुधा आईच्या कपाटात असायची. ती पुस्तिका आई देते की लपवते, की मुलगी गुपचूप काढून नेते, यावर कितीतरी भाग रंगले आहेत. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस लावून 30 दिवस जीव मुठीत धरून बसलेल्या आपल्याकडच्या जोडप्यांना त्या कपाटाचा अर्थ नीट कळेल.

एका मालिकेला मी पूर्ण प्रकरण दिलं आहे. 'मीट युअरसेल्फ' (2023, 40 भाग). श्यू होंगदोउ ही पेइचिंगच्या मोठ्या हॉटेलात व्यवस्थापक. जिवाभावाची मैत्रीण कर्करोगानं जाते. दोघींनी मिळून जायचं ठरवलेलं गाव राहूनच गेलेलं असतं. नोकरी सोडून ती एकटीच युन्नानमधल्या दालीजवळच्या खेड्यात येते आणि एका अंगणाच्या घरात खोली घेते. त्या अंगणाभोवती राहणारे सगळेच कुठून ना कुठून थकून आलेले: धंद्यात बुडालेला, लोकांच्या शिव्यांनी खचलेली, खोलीबाहेर न पडणारी लेखिका. नायक त्याच गावचा. पेइचिंगची भरपूर पगाराची नोकरी सोडून गावात काही उभं करायला परतलेला. पहिले कित्येक भाग म्हणावं असं काही घडत नाही. माणसं एकत्र जेवतात, उन्हात बसतात, लाकडावर कोरीव काम करणारे म्हातारे कारागीर पुढे हे कोण शिकणार याची काळजी करतात. या मालिकेनंतर दालीतल्या त्या खेड्यांत पर्यटकांची रीघ लागली.

बदलापुरात बसून ही मालिका पाहताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. कारण आपलं गावही कालपरवापर्यंत खेडंच होतं. उल्हास नदी, बारवीचं पाणी, उन्हाळ्याच्या शेवटी टोपल्यांतून येणारी जांभळं, जुन्या गावातली कौलारू घरं. आपण इथे आलो ते शहराच्या धबडग्यातून सुटायला आणि परवडेल असं घर घ्यायला. पण आपण आलो म्हणून ते खेडं राहिलं नाही, आणि आपण मात्र अजून रोज पहाटे त्याच शहराकडे धावतो. होंगदोउला दालीत जे अंगण मिळालं, ते आपण इथे आलो तेव्हा कदाचित होतं. मालिका पाहताना माझ्या मनात येतो तो हेवा नाही, राग आहे. इतक्या हजारो माणसांनी आयुष्याचे रोजचे तीनेक तास रुळांवर द्यावेत, ही व्यवस्था कुणीतरी ठरवून उभी केलेली आहे. ती निसर्गनियम नाही.

या मालिकांत काय दिसत नाही तेही वाचकाला ठाऊक असावं. रस्त्यावरची गरिबी दिसत नाही. कारखान्यांच्या वसतिगृहांत राहणारे, खेड्यात मुलं सोडून आलेले कामगार क्वचित दिसतात. राजकारण तर नाहीच. नायक-नायिका गोरेपान आणि सडपातळ असतात, आणि त्या गोरेपणाचं वेड आपल्याकडे आधीच कमी नाही. नायकाची काळजी कधीकधी हुकमतीकडे झुकते, आणि मालिका तिलाही प्रेमच म्हणते. तिथे मी तिच्या बाजूनं बोललेली नाही. अलीकडे दीड-दोन मिनिटांच्या उभ्या पडद्यावरच्या छोट्या मालिकांचं पीक आलं आहे. 2024 मध्ये चीनमध्ये त्यांच्या बाजारानं चित्रपटगृहांच्या कमाईलाही मागे टाकलं, आणि आता तो साचा आपल्याकडेही आला आहे. त्यांत दर मिनिटाला थप्पड किंवा गौप्यस्फोट लागतो. पेज शिजायला जो वेळ लागतो तो त्यांच्यापाशी नाही, म्हणून त्या या पुस्तकात घेतलेल्या नाहीत.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर 'हिडन लव्ह'पासून. ती आवडली तर त्याच लेखिकेच्या कादंबरीवरची 'द फर्स्ट फ्रॉस्ट', कारण तिचा नायक म्हणजे सांग झीचा तोच भाऊ आहे. प्रेमकथा नको वाटत असतील तर नूडलचं दुकान चालवणाऱ्या बापाची आणि त्यानं वाढवलेल्या मुलांची 'गो अहेड' (2020) आधी पाहावी. तिच्यात शेवटी प्रेम येतंच. 'मीट युअरसेल्फ' मात्र लोकलमध्ये पाहू नये. ती सुट्टीच्या दिवशी, घरच्या कुणाला तरी शेजारी बसवून पाहावी. प्रकरणं कुठल्याही क्रमानं वाचली तरी चालतील, पण प्रत्येकात त्या त्या मालिकेचा शेवट सांगितलेला आहे, तेव्हा मालिका आधी आणि प्रकरण नंतर.